सात आठवड्यांचे पिल्लू पहिल्यांदाच फोस्टर म्हणून सांभाळायचे आहे

सांजवात (प्रश्न):
नमस्कार. येत्या शनिवारी आमच्याकडे कुत्र्याचे सात आठवड्यांचे एक पिल्लू येणार आहे. ते आम्ही दत्तक घेतलेले नाही. त्याला कायमचे घर मिळेपर्यंत, म्हणजे साधारण पाच-सहा आठवडे, एका संस्थेसाठी आम्ही ते सांभाळणार आहोत. त्याची पहिली लस गेल्या आठवड्यात झाली आहे. आमच्या घरी नऊ वर्षांची एक कुत्री आहे आणि तिच्या लसी वेळच्या वेळी झालेल्या आहेत. पिल्लाला पहिल्याच दिवशी तिच्यासोबत सोडावे का? रात्री ते रडू लागले तर जवळ घ्यावे, की वाईट सवय लागेल म्हणून दुर्लक्ष करावे? आणि जे घर त्याला सोडूनच जायचे आहे, त्या घराचा लळा त्याला लावणे योग्य आहे का? हा शेवटचा प्रश्न मला गेले आठ दिवस स्वस्थ बसू देत नाही.

पाणवठा:
आधी आरोग्याचे लिहितो, कारण तिथे चूक झाली तर बाकीच्या गोष्टींना अर्थ उरत नाही. एक लस झाली म्हणजे पिल्लू सुरक्षित झाले, असा समज कृपया करून घेऊ नका. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात काही आठवडे टिकून असते आणि तीच लसीला काम करू देत नाही. ती नेमकी केव्हा ओसरेल हे प्रत्येक पिल्लागणिक बदलते, म्हणून दर दोन ते चार आठवड्यांनी लस देत सोळा आठवड्यांचे वय पार करावे लागते. पार्व्हो या उलट्या-जुलाबांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची लागण झाल्यावर लक्षणे दिसायला सहसा तीन ते सात दिवस लागतात, क्वचित १४ दिवसही जातात. त्यामुळे आज उड्या मारणारे पिल्लू आजार घेऊन आलेले असू शकते. पहिले १४ दिवस त्याला वेगळ्या खोलीत ठेवा, त्याची भांडी व अंथरूण वेगळे ठेवा आणि प्रत्येक वेळी त्याला हाताळल्यावर हात धुवा. तुमच्या कुत्रीला पार्व्होचा धोका कमी असला, तरी जंत आणि खोकला तिलाही लागू शकतात. गोलकृमी पिल्लाला बहुतेक वेळा आईच्या पोटातच लागतात आणि ते माणसालाही, विशेषतः लहान मुलांना, बाधतात. म्हणून जंताचे औषध केव्हा दिले आणि पुढचे केव्हा द्यायचे, हे संस्थेकडून लिहूनच घ्या. पार्व्होचा विषाणू साध्या साबणाने मरत नाही. जागा आधी स्वच्छ धुऊन, एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी असे मिश्रण तिथे दहा मिनिटे राहू द्यावे लागते. पिल्लाने खाणे सोडले, उलट्या सुरू झाल्या किंवा शी पातळ व रक्ताळ दिसली, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. एवढ्या लहान जिवाच्या अंगातले पाणी आणि साखर काही तासांत उतरते.

गवताची_पात:
वरील उत्तराला एक व्यावहारिक जोड देते. आजारपणात कोणत्या डॉक्टरांकडे जायचे, खर्च कोण करणार आणि रात्री-अपरात्री संस्थेतील कोणाला फोन करायचा, हे शनिवारच्या आधी लेखी ठरवून घ्या. आमचे ते ठरलेले नव्हते, आणि त्या गोंधळात रात्रीचे तीन तास वाया गेले. पिल्लू बरे झाले, पण ते तीन तास मी विसरलेले नाही.

मोरपंख:
रात्रीच्या रडण्याबद्दल आणि लळ्याबद्दल एकत्रच लिहिते, कारण माझ्या मते तो एकच प्रश्न आहे. भावंडांच्या उबेत झोपणाऱ्या जिवाला पहिल्यांदाच एकटे झोपावे लागते, तेव्हा ते हट्टाने नव्हे, तर घाबरून रडते. पहिले काही दिवस घरातील कोणीतरी त्याच्याच खोलीत झोपावे. त्याचे खोके अंथरुणाच्या इतके जवळ ठेवा, की पडल्या पडल्या हात आत सोडता येईल. पिल्लू बोटांवर नाक टेकवते, दोन-चार वेळा सुस्कारते आणि झोपी जाते. आईच्या किंवा भावंडांच्या वासाचे एखादे फडके संस्थेकडून मागून घ्या. या वयात रात्रीतून दोन-तीनदा शू होणारच. त्या वेळी दिवा मंद ठेवा, खेळवू नका आणि काम झाले की पुन्हा झोपवा.

आता लळ्याविषयी. १९६१ साली अमेरिकेतील फ्रीडमन, किंग आणि एलियट या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही पिल्ले माणसांपासून दूर, कुंपणातल्या मोकळ्या जागेत वाढवली होती. ज्यांना वयाच्या चौदाव्या आठवड्यापर्यंत माणसाचा सहवास मिळाला नाही, ती पुढेही माणसाला बुजूनच राहिली. तुमच्याकडे ते येणार आहे सातव्या आठवड्यात आणि जाणार आहे बाराव्या-तेराव्याच्या सुमारास. माणसावर विश्वास ठेवायला शिकण्याचा मोठा काळ ते तुमच्याच घरात घालवणार आहे. तेव्हा लळा जरूर लावा. तुमच्याकडे शिकलेला विश्वास घेऊनच ते पुढच्या घरी जाईल. लसी पूर्ण होईपर्यंत इतर कुत्र्यांचा वावर असलेल्या जमिनीवर त्याला सोडू नका, मात्र कडेवर घेऊन रहदारी, छत्री, काठी घेऊन चालणारी माणसे, सारे शांतपणे दाखवा.

मी सांभाळलेले एक तपकिरी पिल्लू झाडू पाहताच पलंगाखाली जात असे. मी झाडू जमिनीवर आडवा ठेवून त्याच्या शेजारी खाण्याचे चार दाणे ठेवू लागले. पाचव्या दिवशी ते झाडूच्या दांड्यावर पाय देऊन दाणे टिपत होते. हे सारे मी वहीत लिहिले होते आणि पिल्लासोबत ती वहीही नव्या घरी दिली. त्या घरातील आजोबांनी दुसऱ्याच दिवशी फोन करून विचारले, “झाडू कोणत्या खोलीत ठेवू?”

त्याला निरोप देताना मी खूप रडले, हे लपवत नाही. ते मात्र गाडीत आजोबांच्या मांडीवर झोपून गेले होते.

सांजवात:
आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. मागची खोली आजच रिकामी केली. माझे अंथरूण तिथेच घालणार आहे आणि वहीही आणली आहे. पहिल्या पानावर लसीची तारीख लिहिली असून जंताच्या औषधासमोरची जागा कोरी आहे. ती भरण्यासाठी उद्या सकाळी संस्थेला फोन करते.