इंदूर ते नाशिक बाइकवर जायचंय पण ऐंशी किलोमीटरमध्येच गुडघा आणि हात बोलायला लागले, काय करू?

सुदामानगरवाला:
नमस्कार मंडळी. मी इंदूरचा, वय ४७, उंची पाच फूट अकरा, वजन ८४ किलो. गाडी १५० सीसीची साधी कम्यूटर, सात वर्षं जुनी. रोजचं ऑफिस जाणं-येणं धरून वीसेक किलोमीटर होतं, त्यात काहीच त्रास नाही. डिसेंबरात मावशीची पंच्याहत्तरी आहे नाशिकला आणि मला बाइकने जायचंय. ट्रेन आहे, बस आहे, सगळं माहितीये, पण माझे वडील आईला राजदूतवर मागे बसवून याच आग्रा-बाँबे रोडने नाशिकला गेले होते, लहानपणापासून ती गोष्ट ऐकत आलोय, दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि तेव्हापासून हे डोक्यात आहे की एकदा तरी हा रस्ता आपणही करायचा.

म्हणून परवाच्या रविवारी ट्रायल म्हणून खलघाटपर्यंत जाऊन आलो. मानपूरपर्यंत मस्त. घाट उतरून खाली आलो तसा डावा गुडघा आखडायला लागला, पण म्हटलं नर्मदेच्या पुलापर्यंत जाऊनच थांबू. तिथे चहाच्या टपरीपाशी गाडी लावली आणि साइड स्टँड काढायला डावा पाय पुढे सरकवतोय तर गुडघा सरळच होईना. अर्धा मिनिट तसाच दोन्ही हातांनी हँडल धरून उभा, टपरीवाला पोरगा धावत आला आणि त्याने पायाने स्टँड काढून दिलं. चहाचा ग्लास उजव्या हातात घेतला तर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर, ग्लास पकडलाय की नाही तेच कळेना. दुखणं गुडघ्याच्या पुढून आहे, वाटीच्या मागे कुठेतरी. सूज नाही. दुसऱ्या दिवशी जिना चढताना काही नाही, उतरताना मात्र कळ.

जाण्याआधी एका दुकानातून जेलची गादी घेऊन सीटवर बांधली होती, तिच्यावरून सारखा पुढे घसरत होतो, उलट जास्तच त्रास झाला. गुडघ्याचा पट्टाही लावला होता. येताना पेनकिलर घेतली तेव्हा घरी पोचलो. अजून दीड महिना हातात आहे. काय करू, की नादच सोडू?

राजेंद्रनगरचा काका:
नाद कशाला सोडता. इंदूर ते खलघाट एका दमात गेलात हीच चूक. माझं वय ६१, अजून ओंकारेश्वर करतो गाडीवर, पण सिमरोलला थांबतो, भेरूघाट उतरल्यावर थांबतो, बडवाहला थांबतो. दुखायला लागल्यावर थांबून उपयोग नाही, दुखायच्या आधी थांबायचं. पाऊण तास गाडी, पाच मिनिटं पायी.

नाना गॅरेज:
भिया, तुमची उंची वाचली तिथेच अर्धं उत्तर मिळालं. पाच फूट अकराचा माणूस कम्यूटर गाडीवर बसला की सीट ते फूटरेस्ट अंतर कमी पडतं, गुडघा काटकोनापेक्षाही जास्त दुमडतो आणि तासनतास तसाच राहतो. ऑफिसच्या रस्त्यावर दर दोन मिनिटांनी सिग्नलला पाय खाली टेकतो म्हणून तिथे कळत नाही, हायवेवर तो पाय सरळ करायची वेळच येत नाही.

पहिलं काम, ती गादी काढून टाका आणि चांगल्या सीटवाल्याकडे जाऊन मूळ सीटचा फोम बदलून घ्या. साधारण दीड इंच उंच, आणि मऊ नको, घट्ट फोम सांगा. मऊ फोम दुकानात हाताने दाबून छान वाटतो पण अर्ध्या तासात बसून जातो आणि तुम्ही पुन्हा खालच्या पत्र्यावर. सीटचा पुढे उतार असेल तर तोही भरून घ्या, म्हणजे टाकीकडे घसरणं बंद. तुमचे पाय लांब आहेत, दीड इंचाने जमिनीला टेकायला काही अडचण नाही.

आता यातली मेख सांगतो, जी सीटवाला सांगत नाही. सीट वर गेली की तुम्ही हँडलच्या मानाने उंच होता, मग पुढे वाकता आणि सगळा भार तळहातावर येतो. म्हणजे गुडघा सुटला आणि मनगट गेलं. म्हणून त्याच दिवशी हँडलच्या क्लँपचे बोल्ट ढिले करून हँडल थोडं स्वतःकडे फिरवून घ्या. त्यानेही नाही भागलं तर खाली रायझर, म्हणजे हँडल वर उचलणारे ठोकळे टाकतात, पण रायझर टाकल्यावर हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून बघायचं, क्लच, एक्सलेटर, ब्रेकची केबल कुठे ताणली जात नाही ना, आणि चालू गाडीचं रेसिंग आपोआप वाढत नाही ना. हे बघितल्याशिवाय गॅरेजमधून गाडी काढू नका.

मग लिव्हर. गाडीवर नेहमीसारखं बसा, बोटं क्लचवर ठेवा आणि बाजूने कुणाला तरी बघायला सांगा. कोपरापासून बोटांपर्यंत एक सरळ रेघ दिसली पाहिजे. बहुतेक गाड्यांचे लिव्हर फार वर असतात, माणूस दिवसभर मनगट मागे मोडून चालवतो. एक बोल्ट ढिला करून लिव्हर खाली फिरवायचा, पाच मिनिटांचं काम, पैसे घ्यायलाही लाज वाटते. गाडी सात वर्षं जुनी आहे तर क्लच केबल एकदा बदलूनच टाका, आणि लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर प्ले, म्हणजे क्लच लागायच्या आधीची मोकळी हालचाल ठेवा. गिअरचा लिव्हर पण बघा, बूट घातल्यावर पाय वर उचलायला लागत असेल तर घोटा आणि डावा गुडघा दोन्ही थकतात, शाफ्टवर एक दाता खाली बसवून घ्यायचा.

टायरमधली हवा स्टिकरवर लिहिलीय तेवढीच, थंड टायरमध्ये. एकटे जाणार असाल तर मागचे शॉकअप फार कडक करू नका, प्रत्येक खड्डा कमरेत येईल.

प्रवासी ५६:
गुडघ्याचा पट्टा चांगला कडक बांधा, मी तसंच करतो, हलतच नाही गुडघा. आणि लेगगार्डला एक्स्ट्रा फूटपेग लावून घ्या, पाय लांब करता येतात.

फिजिओताई:
मी पेशाने फिजिओथेरपिस्ट आहे, इंदुरातच. कडक पट्टा अजिबात नको, तेवढं आधी सांगते. दुमडलेल्या गुडघ्याच्या मागे पट्ट्याची घडी रुतते, रक्त परतायला अडथळा होतो आणि पोटऱ्या सुजतात. फूटपेग मोकळ्या रस्त्यावर दोन-चार मिनिटं पाय लांब करायला ठीक, पण त्यावर पाय असताना मागच्या ब्रेकपासून आणि गिअरपासून पाय लांब असतो, त्यामुळे वस्तीत, घाटात आणि ट्रकच्या मागे बिलकुल नाही.

आता तुमचा गुडघा. वाटीच्या मागे, बराच वेळ दुमडून बसल्यावर आणि जिना उतरताना, हे वर्णन आमच्याकडे रोज येतं, कित्येक जण सांगतात की सिनेमा बघून उठताना असंच होतं. गुडघा जितका जास्त दुमडाल तितकी वाटी मांडीच्या हाडावर जास्त दाबली जाते. आणि सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकावरच्या गुळगुळीत थराला, स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, तिचं पोषण सांध्यातल्या पाण्यातून होतं आणि ते पाणी फिरतं हालचालीने. म्हणून नानांनी सांगितलेली सीट आणि काकांनी सांगितलेलं थांबणं ही दोन्ही औषधंच समजा.

दीड महिना आहे तर मांडीचा पुढचा स्नायू तयार करा. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, गुंडाळी खाली दाबत मांडी आवळायची, पाचपर्यंत मोजायचं, सोडायचं. मग पाठीवर झोपून एक गुडघा दुमडलेला, दुसरा पाय सरळ ठेवून फूटभर वर, पुन्हा पाचपर्यंत. दोन्ही दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. सोबत पार्श्वभागाचा ब्रिज, म्हणजे पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर वर उचलायची. फरक जाणवायला चार-सहा आठवडे लागतात, पाच दिवसांत काही नाही म्हणून सोडू नका. मांडी घालून आणि उकिडवं बसणं सध्या कमी.

करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होणं म्हणजे तळहाताच्या करंगळीकडच्या कडेवर दाब येतोय, तिथून एक नस जाते. ग्रिप घट्ट आवळून धरता का? कोपर थोडे वाकलेले आणि सैल ठेवा, शरीर टाकीला मांड्यांनी धरा, हातांनी नाही. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर झालं असतं तर वेगळी नस, ती मनगटातून जाते. दोन्हीपैकी काहीही गाडीवरून उतरल्यावर तासाभरात जात नसेल किंवा रात्री मुंग्यांनी जाग येत असेल तर दाखवायला या.

आणि पेनकिलर घेऊन गाडी ओढत नेऊ नका हो. उपाशीपोटी, पाणी कमी प्यायलेलं असताना या गोळ्या पोटाला आणि किडनीला त्रास देतात, बीपी असेल तर अजूनच. दुखणं झाकून पुढचे शंभर किलोमीटर तुम्ही त्याच गुडघ्यावर जाता. गुडघा सुजला, लाल-गरम झाला, मध्येच अडकला, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली तर प्रवास तिथेच थांबवायचा आणि डॉक्टर.

मांडूवाली:
मी ५२ वर्षांची, ३५० सीसीवर जाते, एकटी. सगळ्यांनी चांगलंच सांगितलंय, एक राहिलं, थंडी. मालव्यातल्या डिसेंबरच्या सकाळी ७० च्या स्पीडने गुडघ्यावर वारा आदळतो ना, नुसती जीन्स असेल तर अर्ध्या तासात सांधे लाकूड होतात. वारा अडवणारी पँट किंवा नुसते नी-गार्ड घाला, पडल्यावर वाचवतात ते वेगळं पण वारा अडवतात त्याचं मला जास्त कौतुक आहे. पहाटे पाचला निघायची हौस नको. पाठीवर सॅक पण नको, ती खांद्याला लटकते आणि तो भार फिरून मनगटावरच जातो, सामान मागच्या सीटवर बांधा.

थांबायचं म्हणजे गाडीवर बसून मोबाइल बघायचा नाही, उतरून चालायचं. मी फोनवर पंचेचाळीस मिनिटांचा अलार्म लावते, कारण मजा येत असली की थांबावंसं वाटतच नाही. आणि पाणी प्या, लघवीला थांबावं लागेल म्हणून बायका पाणी पीत नाहीत, मीही हे वर्षानुवर्षं केलंय, मग डोकं दुखतं, पायात गोळे येतात.

सुदामानगरवाला:
तीन आठवड्यांनी लिहितोय. सीट दीड इंच वर घेतली, घट्ट फोम, हँडल फिरवलं, दोन्ही लिव्हर खाली केले, क्लच केबल नवीन टाकली. व्यायाम दोन वेळा, चार दिवस चुकलो असेन. काल महेश्वरला जाऊन आलो. मानपूर, गुजरी, धामनोद, तिन्हीकडे उतरून चाललो. घाटावर किल्ल्याच्या पायऱ्या उतरताना हळूच पाय टाकत होतो, कळ येईल म्हणून. थोडी आली, पण पहिल्यासारखी नाही. परत आल्यावर स्टँड स्वतः काढलं, बायको दारात उभी होती तिला ते काय एवढं असं वाटलं असेल.

करंगळी मात्र येताना धामनोदच्या पुढे पुन्हा बधिर झाली, उजवीच. एक्सलेटर सोडून हात झटकला की दोन मिनिटांत ठीक.

फिजिओताई:
उजवीच आहे म्हणजे एक्सलेटर धरून ठेवायचा जोर. ग्लोव्हज घट्ट आहेत का बघा, विशेषतः करंगळीच्या बाजूची शिवण.

नाना गॅरेज:
एक्सलेटर केबल पण सात वर्षांचीच ना? गाडी बंद करून पिळून सोडा, झटकन मागे यायला पाहिजे. जड येत असेल तर या शनिवारी, ग्रिप काढून आतली नळी साफ करू आणि केबल बदलू.

सुदामानगरवाला:
पिळून बघितला नाना, सोडल्यावर सावकाश येतो मागे. शनिवारी सकाळी येतो. आणि मावशीला फोन करून सांगितलंय की एका दिवसात नाही येत, सकाळी ऊन चढल्यावर निघेन, बिजासन घाट उजेडात उतरेन आणि धुळ्याला मुक्काम करीन. ती म्हणाली तुझे वडीलही धुळ्यालाच थांबले होते. हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.