मदत हवी आहे: कुंपण खालून उघडं पडलंय, कोणतं झाड लावू?

अंगणवेल:
वर गच्च पाला आणि खाली गुडघ्यापर्यंत नुसत्या काटक्या. त्या फटींतून शेळ्या आत शिरतात, काल जास्वंदीचा फडशा पाडला. सगळं उपटून दुसरं लावायचंय. भराभर वाढणारं, दाट आणि शेळ्या तोंड लावणार नाहीत असं झाड सुचवा. पाऊस तोंडावर आलाय, लवकर सांगा.

बांधावरचा:
कोयनेल. दुसरा विचारच करू नका. फांद्या खोचल्या की फुटतात, खारवट जमीन चालते, गुरं खात नाहीत. आमच्या बांधाला तेच आहे.

मातीतला:
आत्ता कोणतं झाड आहे? ऊन किती? छाटता कसं? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

शेवंता:
कण्हेर लावा. शेळ्या फिरकत नाहीत, वर बारमाही फुलं.

मातीतला:
शेवंता, कण्हेर पानाफुलांपासून वाळक्या काटकीपर्यंत विषारी असते. घरात लहान मूल असेल तर मुळीच नको.

अंगणवेल:
मेंदी आहे हो, साधी मेंदी. मुलगी लहान आहे, कण्हेर नको. ऊन भरपूर, फक्त एका टोकाला आंब्याची सावली. कमरेच्या वर गेली की वरून सपाट कापते. आता झाडाचं नाव सांगा ना.

कात्री:
ताई, उपटू नका. मेंदीच्या शेतात पाल्यासाठी झाडं जमिनीलगत कापतात आणि त्याच मुळांतून ती वर्षानुवर्षं फुटतात. तुमचीही वीतभर ठेवून कापा. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही, म्हणून नवे फुटवे वीतभर झाले की शेंडे खुडा, पुन्हा वीतभर वाढले की पुन्हा खुडा. उंचीची घाई करू नका. आणि कापताना तळ रुंद, माथा अरुंद ठेवा. माथा पसरला की खाली ऊन पोचत नाही आणि पानं गळतात. तुमच्याकडे तेच झालेलं दिसतंय.

बांधावरचा:
म्हणजे शेळ्यांना कोवळा पाला वाढून ठेवायचा! तोवर कोयनेल कमरेला येईल.

कात्री:
तोवर बाहेरून जाळी लावायची. तुमच्या कोयनेललाही शेंडा खुडावाच लागतो, नाहीतर तेही खालून असंच उघडं पडतं.

रानमेवा:
करवंद कुणालाच आठवलं नाही? काट्यांपुढे शेळी काय, माणूससुद्धा शिरत नाही. बी मात्र ताजं पेरा, वाळलं की उगवत नाही.

बांधावरचा:
करवंद दाट व्हायला वर्षं जातात. त्यांना लवकर हवंय, प्रश्न वाचा.

गच्चीबाग:
इथेच विचारते. माझ्या जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखा पांढरा थर आलाय. काय फवारू?

मातीतला:
पिठ्या ढेकूण आहे. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, मग कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात मिसळून पानांच्या खालूनही मारा. मुंग्यांचा बंदोबस्त करा, त्याच त्याला सांभाळतात. अंगणवेल, आंब्याखाली मेंदी विरळच राहील. तिथे अडुळसा लावा. सावली सोसतो, जनावरं तोंड लावत नाहीत.

अंगणवेल:
अडुळसा पटला. पण सगळी मेंदी एकदम कापली तर घर रस्त्यावरून उघडं दिसेल. अर्धी आता, अर्धी नंतर चालेल का?

कात्री:
चालेल. ज्या बाजूने शेळ्या शिरतात ती आधी कापा, आणि जाळी आदल्या दिवशीच बांधा.

बांधावरचा:
रिकाम्या जागांत तरी कोयनेलच्या चार फांद्या खोचा.