ऑर्केस्ट्राच्या लाइव्ह मिक्सला इफेक्ट मशीनचे की लॅपटॉपवरच्या प्लगिनचे?

बर्डीचा रॅकवाला
गणपती जवळ येऊन राहिले, ऑर्केस्ट्राच्या सुपाऱ्या लागल्या, आणि नवी पोरं कन्सोलच्या (मिक्सरच्या) बाजूला लॅपटॉप मांडून गायकाचा आवाज यूएसबीनं तिकडे नेतात, प्लगिनमधून, म्हणजे इफेक्टच्या सॉफ्टवेअरमधून, फिरवून परत आणतात. माझं मत सरळ आहे, मेन गायकाचा आवाज कम्प्युटरमधून नेऊ नका. रिव्हर्ब (घुमारा), डिले (प्रतिध्वनी), कम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा) जे पाहिजे ते कन्सोलच्या आतलं वापरा, नाहीतर रॅकमध्ये वेगळं मशीन ठेवा. यामाहाचं एसपीएक्स90 हे इफेक्ट मशीन 1980 च्या दशकातलं, पण आजही त्याचा सिम्फोनिक इफेक्ट लावला की कीबोर्डच्या स्ट्रिंग्ज स्टेजभर पसरतात. बेहरिंगरच्या एक्स32 कन्सोलमध्ये आठ इफेक्ट स्लॉट आहेत, त्यातले पहिले चार सेंडवर चालतात, म्हणजे मूळ आवाज तसाच राहते आणि त्याची प्रत इफेक्टमधून जाऊन बाजूनं मिसळते. दोन रिव्हर्ब, एक डिले, एक कोरस (आवाज जाड करणारा इफेक्ट). आपल्या शोला यापेक्षा जास्त काय लागते ते सांगा.

प्लगिनवाला मानेवाडा
भाऊ, काय लागते ते सांगतो. गायिका खालच्या पट्टीत मऊ गाते आणि वर गेली की अडीच-तीन किलोहर्ट्झला आवाज कानात टोचते. साध्या ईक्यूनं, म्हणजे फ्रीक्वेन्सी कमी-जास्त करणाऱ्या कंट्रोलनं, तिथं कापलं तर मुखडाही बोथट होते, डायनॅमिक ईक्यू लावला तर तो फक्त टोचते तेव्हाच दाबते आणि बाकी वेळ हात लावत नाही, हे माझ्या कन्सोलमध्ये नाही, लॅपटॉपवर आहे. नागपूरच्या सुरेश भट सभागृहात एकाच कार्यक्रमात लावणी, कव्वाली, भीमगीत सगळं असते, गाणं बदललं की स्नॅपशॉट (आधी साठवलेली सेटिंग) मारतो, कव्वालीच्या टाळ्यांचा रिव्हर्ब वेगळा, लावणीच्या ढोलकीचा वेगळा. आणि हार्डवेअर हार्डवेअर काय म्हणता, एसपीएक्सच्या आतही डिजिटल प्रोसेसिंगच आहे, कन्सोलच्या आतही तेच.

बर्डीचा रॅकवाला
आहेच ना, पण ती मशीन दुसरं काहीच करत नाही. तिच्यात वायफाय नाही, अपडेट नाही, अँटीव्हायरस नाही. माझा मुद्दा तिथंच आहे.

वेजवाला
मी मॉनिटर, म्हणजे स्टेजवरच्या कलाकारांना ऐकू जाणारा आवाज, करतो म्हणून आकड्यात बोलतो, कारण या वादात लेटन्सीचं (आवाज उशिरा पोचण्याचं) कोणी नीट मांडतच नाही. 48 किलोहर्ट्झला 128 सॅम्पलचा बफर (कम्प्युटर एका वेळी गोळा करते तेवढा आवाज) म्हणजे 2.7 मिलिसेकंद, जाताना एकदा आणि येताना एकदा, झाले सव्वापाच, वरून ड्रायव्हरचं वेगळं, त्यात डिजिटल वायरलेस माइक असेल तर आणखी दोन-तीन. कोणी म्हणेल आवाज हवेतून एक मीटर जायलाच जवळपास 3 मिलिसेकंद घेते, मग एवढ्यानं काय बिघडते? समोर बसलेल्या पब्लिकचं काहीच बिघडत नाही. पण गायकाला स्वतःचा आवाज हाडातून लगेच ऐकू येते आणि इन-इअरमधून (कानात घातलेल्या मॉनिटरमधून) तोच आवाज उशिरा येते, दोन्ही एकमेकाला कापतात आणि तो म्हणते, माझा आवाज पोकळ लागून राहिला. मग तो लेव्हल वाढव म्हणते, आपण वाढवतो, तक्रार तशीच राहते.

ढोलकीचं तर याहून वाईट. काही जण थेट आवाज तसाच ठेवतात आणि प्लगिनमधून दाबलेला आवाज खालून मिसळतात. दुसरा आवाज 5 मिलिसेकंद मागे असला की 100 हर्ट्झला खड्डा, मग 300 ला, 500 ला, असं वर वर. डाव्या बाजूची घुमी जिथं राहते नेमकं तिथंच पोखरलं जाते. ईक्यूनं ते भरून येत नाही, कितीही वाढवा.

प्लगिनवाला मानेवाडा
हे मान्य, पण याला उपाय आहे. एकच माइक दोन चॅनलवर घ्या, एक पब्लिकसाठी, त्यात प्लगिन, दुसरा फक्त मॉनिटरसाठी कोरा. एक्स32 ला 32 इनपुट चॅनल आहेत, गायक तीन-चार, जागा भरपूर. ढोलकीवर समांतर कम्प्रेशन (थेट आणि दाबलेला आवाज मिसळणं) करायचं तर दोन्ही बाजू लॅपटॉपमध्येच मिसळा म्हणजे उशीर दोघांनाही सारखाच. आणि रिव्हर्बला तर लेटन्सीचा प्रश्नच नाही, तिथं आपण मुद्दाम 20-30 मिलिसेकंद प्री-डिले (घुमारा सुरू व्हायच्या आधीची थांब) ठेवतो, त्यातून सात-आठ कमी केले की हिशेब बरोबर.

लॉनवाला
वर्धा रोडच्या लॉनवर मे महिन्यात काम करणारा माणूस आहे मी, पारा 45 च्या वर जाते, रात्री आठलाही टेबल गरम लागते. लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करते आणि मग आवाजात टक टक सुरू. लाइनवरून जनरेटरवर चेंजओव्हर होते त्याचं बोला आता. लॅपटॉपला बॅटरी आहे म्हणून तो जिवंत राहते, पण कन्सोल बंद होऊन परत सुरू झाला की यूएसबी सुटलेली असते, ड्रायव्हर परत पकडेपर्यंत इन्सर्टवाला चॅनल, म्हणजे ज्याचा पूर्ण आवाज प्लगिनमधूनच जाते तो, मुका. पाहुणे जेवण सोडून तुमच्याकडे पाहतात. कन्सोलला ऑनलाइन यूपीएस नसेल तर प्लगिनच्या नादी लागूच नये असं माझं ठाम मत आहे, बजेट आधी तिथं घाला.

बर्डीचा रॅकवाला
लॉनवाले भाऊ नेमकं बोलले. म्हणून मी सेंड आणि इन्सर्ट यात फरक करतो. प्लगिनचा रिव्हर्ब सेंडवर असला आणि लॅपटॉप अडकला तर आवाज कोरडा होते, गाणं चालू राहते, पब्लिकमधल्या बऱ्याच जणांना कळतही नाही. इन्सर्टवर असला तर गायकच गायब. रिव्हर्बसाठी लॅपटॉप वापरा, माझी ना नाही.

अजून एक, डिले. त्याची वेळ ठोक्याशी जुळवावी लागते. ढोलकीवाला रंगात आला की लय चढते, मिनिटाला 90 ठोक्यांची 96 होते, म्हणजे एका ठोक्याचे 667 मिलिसेकंद 625 वर येतात. कन्सोलवर टॅपचं बटण बोटाखाली असते, चार ठोके मारले की झालं. टचपॅडवर अंधारात बाण शोधत टॅप करणारे पाहिले आहेत, तोवर अंतरा संपते.

प्लगिनवाला मानेवाडा
त्याला छोटा मिडी पॅड (बटणांचा कंट्रोलर) लावतात, टॅप त्याच्यावर. ज्यांच्याकडे वेव्हजचा साउंडग्रिड सर्व्हर (प्लगिन चालवणारा वेगळा कम्प्युटर) आहे त्यांचं प्रोसेसिंग तर लॅपटॉपवर होतच नाही, लॅपटॉप फक्त कंट्रोलला, तो बंद पडला तरी आवाज चालू. ते सगळ्यांना परवडत नाही हे खरं, पण सेंडपुरतंच प्लगिन हा नियम मला पटत नाही. त्या गायिकेचा डायनॅमिक ईक्यू मी इन्सर्टवरच ठेवणार, कारण पब्लिक ऐकायला येते ते गाणं, आणि तिचा वरचा सूर टोचून राहिला तर बाकीचं सगळं सुरक्षित ठेवून काय उपयोग?

बर्डीचा रॅकवाला
मग ठेव, पण त्या चॅनलचं इन्सर्ट ऑन-ऑफ कन्सोलच्या असाइन बटणावर (आपण ठरवू ते काम देता येते त्या) घे, आणि साउंडचेकला ती गात असतानाच यूएसबी उपसून पाहा, ते बटण दाबून आवाज परत यायला किती वेळ लागते. अर्ध्या ओळीच्या आत आला तर मी काही बोलणार नाही.