व्यापारगटांबाहेर राहून सोलापूरच्या टॉवेलने काय मिळवले?

टॉवेल निर्यातदार, अक्कलकोट रोड : ४ नोव्हेंबर २०१९ रोजी भारताने आरसेप या आशिया-प्रशांत देशांच्या मुक्त व्यापार गटात जाण्यास नकार दिला, तेव्हा मला हायसे वाटले होते, आता तसे वाटत नाही. युरोपीय संघातील सर्व देशांचे बाहेरच्या मालावरचे आयात शुल्क एकच असते. त्यामुळे संघाने १ जानेवारी २०१४ पासून पाकिस्तानला जीएसपी प्लस ही विकसनशील देशांसाठीची शुल्कमाफीची सवलत देताच कराचीचा टॉवेल एका निर्णयानिशी साऱ्या युरोपात विनाशुल्क जाऊ लागला आणि आमचा मात्र शुल्क भरत राहिला. सुतात आणि विणकामात काटकसर करून किलोमागे चार रुपये वाचवावेत, तर ते तिथल्या शुल्कातच जिरतात.

यंत्रमागधारक : आपले उदाहरण सवलतीचे आहे, सदस्यत्वाचे नाही, पाकिस्तान काही युरोपीय संघात नाही. आरसेपमध्ये चीन आहे, हे आपण सोयीस्करपणे वगळले. आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या गटाबरोबरचा वस्तुव्यापार करार २०१० मध्ये अमलात आला आणि त्यानंतर आपली व्यापारी तूट वाढली. साफ्टा या दक्षिण आशियाई मुक्त व्यापार कराराच्या सवलतीत बांगलादेशातून येणाऱ्या तयार कपड्यांत चिनी कापड असते, ही तक्रारही जुनीच आहे. मूळ देशाचा दाखला कागदावर चोख असला, तरी कापड कुठे विणले गेले हे सीमाशुल्क अधिकाऱ्याने ओळखायचे कसे?

डाळिंब बागायतदार, सांगोला : आपण दोघेही शुल्कापाशीच अडलात. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलींची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे आपली द्राक्षे युरोपात अडकली, तेव्हा शुल्क शून्य असते तरी ती सुटली नसती. गटाचा नियम एकच असल्याने रॉटरडॅम बंदरात उतरलेला माल तपासणीत पास झाला तर पुढे कुठेही जातो, आणि नापास झाला तर सगळीकडेच नापास.

टॉवेल निर्यातदार : सवलत आणि सदस्यत्व यांची मी गल्लत केली, हे मान्य. म्हणून दुरुस्ती करतो : माझा आग्रह आरसेपचा नाही, युरोपीय संघाबरोबरच्या कराराचा आहे. जर्मनीतून स्वस्त टॉवेल येऊन आपले माग बंद पडतील, अशी भीती आपल्यालाही नसावी.

यंत्रमागधारक : ती भीती नाही. मात्र माझे माग आपल्यासारख्यांसाठी मजुरीवर विणतात. युरोपातले शुल्क उठले आणि माझा मजुरीचा दर आजचाच राहिला, तर वाचलेले पैसे कोणाकडे जातील, तेवढे आधी सांगावे.