‘क्वाइट गुड’ म्हणजे चांगलं की नुसतं ठीक?

हळदपेठ, सांगली: हळदीचे दोन नमुने इंग्लंडला पाठवले होते. उत्तर आलंय: पहिल्याचा ‘कलर इज क्वाइट गुड’, दुसरा लॉट ‘क्वाइट डिफरंट’. डिक्शनरीत क्वाइटचे अर्थ दोन, ‘बऱ्यापैकी’ आणि ‘पूर्णपणे’. कुठे कुठला घ्यायचा? दर कळवू का?

मिरजकर मास्तर: ते पुढचं विशेषण ठरवतं. ज्यात कमी-जास्त होऊ शकतं (गुड, कोल्ड, एक्स्पेन्सिव्ह) त्याच्याआधी ब्रिटिश माणूस क्वाइट लावतो तेव्हा ‘तसं बरं आहे’, व्हेरीच्या खालीच. जिथे अधलंमधलं काही नसतं (इम्पॉसिबल, परफेक्ट, राँग) तिथे ‘अगदी, साफ’. डिफरंटही बहुधा यातच येतं. म्हणजे रंग चालण्यासारखा आणि दुसरा माल साफ वेगळा. तुम्ही पहिल्या वाक्यावर अडकलाय, खरी तक्रार दुसऱ्यात आहे.

कृष्णाकाठ, कराड: मेल लिहिणारा अमेरिकन असेल तर मात्र क्वाइट गुड म्हणजे जवळजवळ व्हेरी गुड. ब्रिटिशांच्या बोलण्यात जोर क्वाइटवर पडला की कौतुक उतरतं, गुडवर पडला की चढतं. मेलमध्ये जोर कुठला दिसायला! सरळ विचारा, ‘इज द कलर अ‍ॅक्सेप्टेबल?’ हो आलं की मगच दर.

हळदपेठ, सांगली: त्यांनी ‘नॉट क्वाइट ड्राय’ असंही लिहिलंय. म्हणजे ओली?

मिरजकर मास्तर: ओली नव्हे. वाळत आलीय, पुरती वाळलेली नाही. नॉट लागलं की क्वाइटचा अर्थ ‘पूर्णपणे’ असाच धरायचा.

उत्तर लिहिताना सांभाळा. ‘क्वाइट अ फ्यू बॅग्ज’ म्हणजे थोडी नव्हे, बरीच पोती. फ्यू बघून फसायला होतं. ‘द न्यू लॉट इज क्वाइट बेटर’ लिहू नका. तुलना असली की मच बेटर किंवा अ बिट बेटर. क्वाइट बेटर फक्त आजारातून पूर्ण उठलेल्या माणसाला. क्रम ‘क्वाइट अ गुड सॅम्पल’, अ मागाहून.

कृष्णाकाठ, कराड: आणि स्पेलिंग. शेवटी टी-ई आलं तर क्वाइट, ई-टी आलं तर क्वायट, म्हणजे शांत. दोन्ही शब्द खरेच असल्याने स्पेलचेक बहुतेक वेळा गप्प बसतो.