मदत हवी आहे: पग कुत्रीच्या डोळ्यामागे अल्ट्रासाऊंडवर बघत भूल द्यायची, प्रोब (मशीनचा अंगावर टेकवायचा भाग) कोणता आणि औषध किती?

राजारामपुरी_व्हेट (कोल्हापूर): पग मादी, ८ किलो. काचबिंदूने उजव्या डोळ्याची नजर कायमची गेली आहे, दुखणं थांबत नाही, म्हणून डोळा काढायचा आहे. पूर्ण भूल आणि श्वासाची ट्यूब असेलच, सोबत रेट्रोबल्बर ब्लॉक (डोळ्यामागे भुलीचं इंजेक्शन) द्यायचा आहे. मशीनला ५–८ मेगाहर्ट्झचा मायक्रोकॉन्व्हेक्स (लहान, गोलसर तोंडाचा) प्रोब आहे. सुईचं टोक दिसेल का? ०.५ टक्के बुपिव्हाकेन (जागेवर बधिर करणारं औषध) किती घेऊ?

रंकाळाकाठ: दिसेल, पण जवळचा भाग धूसर येतो. १० मेगाहर्ट्झच्या वरचा लिनिअर (सपाट तोंडाचा) प्रोब मिळाला तर तोच घ्या. नाहीतर मिटलेल्या पापणीवर निर्जंतुक जेलचा जाड थर द्या आणि प्रोब दाबू नका. काळं व्हिट्रियस (डोळ्यातला जेलीसारखा भाग), त्यामागे डोळ्याची मागची भिंत आणि तिथून मागे जाणारा नेत्रनाडीचा (ऑप्टिक नर्व्हचा) गडद पट्टा, एवढं स्पष्ट दिसल्याशिवाय सुई उचलायची नाही.

कमाल डोस २ मिग्रॅ प्रति किलो, म्हणजे तुमच्याकडे १६ मिग्रॅ, ३.२ मिली. तेवढं लागत नाही, १ ते १.५ मिली पुरतं. अँप्युल साधं आहे ना, हे वाचून घ्या. पाठीच्या कण्यात द्यायचं स्पायनलचं 'हेवी' (साखर घालून जड केलेलं) नको. सिरिंजमधली हवा पूर्ण काढा, बुडबुड्याची सावली पडली की पडद्यावरचं टोक हरवतं.

२२ गेजची सुई प्रोबच्या प्रतलातच ठेवा. पगची खोबण उथळ असते, त्यामुळे दीड इंची सुई पूर्ण आत घालू नका. टोक डोळ्यामागच्या स्नायूंच्या शंकूत, पण नाडीपासून बाजूला हवं. मागे ओढून रक्त येत नाही ना बघा, मग थेंबथेंब सोडा. औषध पसरताना दिसलं नाही किंवा हाताला अडथळा लागला तर तिथेच थांबा: टोक रक्तवाहिनीत किंवा नाडीच्या आवरणात असू शकतं. आवरणात गेलेलं औषध मेंदूपर्यंत पोचून श्वास थांबतो. तेव्हा औषधाचा असर उतरेपर्यंत कृत्रिम श्वास चालू ठेवावा लागतो.

पंचगंगा_सर्जन: हृदयाची गती पडली तर द्यायला अ‍ॅट्रोपिन आधीच भरून ठेवा. ०.०२ मिग्रॅ प्रति किलो म्हणजे ०.१६ मिग्रॅ; ०.६ मिग्रॅ प्रति मिलीच्या अँप्युलमधून साधारण ०.२७ मिली. ब्लॉकने डोळा ओढताना हृदयाची गती पडण्याचं प्रमाण कमी होतं, पण सुई टोचतानाही ती पडू शकते, म्हणून ईसीजी आधीच लावा. बुपिव्हाकेन रक्तात जाऊन विषबाधा झाली तर द्यायला २० टक्के लिपिड इमल्शनही (शिरेतून द्यायचं स्निग्ध द्रावण) हाताशी हवं, पहिला डोस १.५ मिली प्रति किलो, तुमच्या पगला १२ मिली. चीर देण्याआधी १०–१५ मिनिटं थांबा. बाहुली मोठी, डोळा मध्यभागी स्थिर आणि थोडा पुढे आलेला दिसला की ब्लॉक लागला.

राजारामपुरी_व्हेट: डाव्या डोळ्यात कॉर्नियावर (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर) खोल अल्सर म्हणजे जखम आहे, त्याच बैठकीत टाके घालणार. तिथेही हाच ब्लॉक?

रंकाळाकाठ: नको! मागून दाब वाढला तर पातळ झालेला कॉर्निया फुटेल. शिवाय पापणी मिटणं आणि अश्रू काही तास बंद होतात, पगच्या उघड्या डोळ्याला ते परवडत नाही. तिथे पूर्ण भुलीवरच काम करा.