मदत हवी आहे: कुत्र्याच्या कानांच्या कडा सोलून निघाल्यात

होटगीरोडकर:
शेरूचे कान लई खराब झालेत. दोन्ही कानांच्या कडांना जाड खपल्या, केस गेले, रात्रभर खाजवायलाय. ना तो झोपतो ना आम्ही. करंज तेल झालं, हळद झाली. मेडिकलमधून एक ट्यूब आणली, तिनं थोडे दिवस बरं वाटलं, परत तेच. कोणती पावडर की इंजेक्शन ते सरळ सांगा. ‘डॉक्टरला दाखवा’ सांगू नका, आमचे नेहमीचे डॉक्टर गावाला गेलेत म्हणून तर इथं विचारतोय.

मोत्याची_आई:
वय? जात? कान उभे की पडके? खपल्या फक्त बाहेर आहेत की आत पण घाण आहे? आत बोट, काडी काही घालू नका. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली जाते आणि मग आत वळते, काडीनं मळ आणखी खोल जातो. नुसता वास घेऊन बघा.

कडक_भाकरी:
गोचीड असणार. नखानं काढायची आणि कानाला रॉकेलचं बोट फिरवायचं. आमच्या आजोबांनी जन्मभर हेच केलं.

माजी_पर्यवेक्षक:
रॉकेलनं कातडी भाजते, आणि कुत्रा ते चाटतो. गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची, नखानं चिरडायची नाही. पण नुसत्या गोचिडीनं दोन्ही कडांना सारख्या खपल्या धरत नाहीत. अंगावर इतर कुठे केस गेलेत का?

होटगीरोडकर:
गोचीड नाही, बघितलंय. गावठी आहे, कान उभे. आत स्वच्छ, वास नाही. औषधाचं नाव सांगा की ओ कुणीतरी.

रॉकीचा_बाप:
उभे कान म्हणजे माशा! आम्ही एमआयडीसीकडं राहतो, आमच्या जर्मन शेफर्डचे शेंडे दर पावसाळ्यात माशा फोडतात. रक्त येतं, वाळून काळी खपली होते. कोमट मिठाच्या पाण्यानं धुवा, वर व्हॅसलिन. जवळपास गोठा आहे का?

होटगीरोडकर:
शेजारी म्हशी आहेत.

रॉकीचा_बाप:
मग झालं की निदान.

मोत्याची_आई:
एवढी घाई काय? चावणाऱ्या माशा दिवसाच्या, आणि त्या शेंडा धरतात. ह्यांचा शेरू रात्रभर खाजवतोय आणि पूर्ण कड गेलीय. पर्यवेक्षकांनी विचारलेलं अजून सांगितलंच नाही यांनी.

सोन्या_शेळीवाला:
माझ्याकडं शेळ्यांचं आयव्हरमेक्टिनचं, किडे-जंत मारायचं इंजेक्शन उरलंय. अंदाजानं टोचलं की खल्लास. जुळे सोलापुरात या, देतो.

माजी_पर्यवेक्षक:
अंदाजानं अजिबात नको. डोस वजनावर ठरतो. कोली आणि त्या वळणाच्या काही कुत्र्यांच्या जातींत तर जन्मजात दोषामुळं हेच औषध मेंदूपर्यंत पोचतं, झटके येतात, कुत्रा दगावतो. गावठीत तो दोष सहसा नसतो, पण गावठीत कशाचा संकर झालाय ते कुणी पाहिलंय?

मनी_म्याऊ:
माझ्या मांजरीच्या कानातून कॉफी पावडरसारखं काळं येतंय, ती सारखी डोकं झटकते. कुणाला माहितीय का?

कारवान_प्रेमी:
विषय निघालाच आहे तर, मंगळवेढ्याकडं कारवानीचं पिल्लू कुणाकडं मिळेल का? नर पाहिजे.

मोत्याची_आई:
वेगळा धागा काढा.

होटगीरोडकर:
कोपरांचे केस पण गेलेत, पण तो फरशीवर बसतो त्यानं असेल. पोटावर बारीक लाल पुरळ आहे. आईच्या हातावर पण तसंच उठलंय, ती घामोळ्या म्हणते. ४३ डिग्रीत घामोळ्या येणारच.

माजी_पर्यवेक्षक:
हे आधी सांगायचं होतं. कानाची कड, कोपर, पोट, आणि घरातल्या माणसाला पुरळ, ही खरूज वाटते. एक करून बघा: कानाची कड चिमटीत धरून हलकेच चोळा. मागचा पाय आपोआप खाजवायला हलला तर संशय पक्का धरा. आईंनी चामड्याच्या डॉक्टरांना हात दाखवावा, कुत्र्याचा उल्लेख करून. हा किडा माणसावर वाढत नाही, कुत्रा बरा झाला की बहुतेक जातो. आणि त्या ट्यूबवर काय काय लिहिलंय? स्टेरॉइड असेल तर खाज दबते, आत किडे मोकळे फिरतात.

होटगीरोडकर:
पाय हलला. ट्यूबमध्ये क्लोबेटासोल लिहिलंय.

माजी_पर्यवेक्षक:
स्टेरॉइडच ते, बंद करा. तुमचे डॉक्टर नसले तरी सरकारी पशुदवाखाना आहे की. त्वचा खरवडून तपासायला सांगा.

होटगीरोडकर:
जाऊन आलो. खरवडलं, दुर्बिणीत काहीच सापडलं नाही. तरी चघळायची गोळी दिली, फ्लुरालानर. काही सापडलंच नाही तर गोळी कशाला? वर किंमत बघितलीत का?

मोत्याची_आई:
खरजेचे किडे कातडीत बिळं करून राहतात आणि थोडेच असतात, त्यामुळं खरवडीत पुष्कळदा निसटतात. लक्षणं जुळली तर डॉक्टर औषध देऊनच बघतात. शेरूला पूर्वी कधी झटके आले असतील तर मात्र गोळीआधी त्यांना सांगा. अंथरूण गरम पाण्यानं धुवा, कडक उन्हात टाका.

होटगीरोडकर:
झटके नाहीत. त्याच्याबरोबर राणी पण झोपते, ती खाजवत नाही. तिला पण द्यायची?

मोत्याची_आई:
राणी कोण???

होटगीरोडकर:
दुसरी कुत्री.

माजी_पर्यवेक्षक:
तिलाही, एकाच वेळी. खाज सुरू व्हायला कित्येक आठवडे लागू शकतात, तोवर ती शेरूला परत देत राहील. तिचं वजन वेगळं, गोळी वेगळी. डॉक्टरांना विचारूनच घ्या.

रॉकीचा_बाप:
व्हॅसलिन लावलं तरी नुकसान नाही.

मनी_म्याऊ:
आणि माझी मांजर?

मोत्याची_आई:
कॉफी पावडरसारखं म्हणजे बहुधा कानातले किडे, हे खरजेच्या किड्यांपेक्षा वेगळे. डॉक्टरांकडून मांजराच्याच मापाचं औषध घ्या. कुत्र्यासाठी आणलेलं पर्मेथ्रिन (गोचीड-पिसवा मारायचं औषध) असलेलं काहीही तिला लावू नका, मांजरं त्यानं मरतात.